साताऱ्यात स्वतःची ग्रॅव्हल राईड भरवायची असेल तर: रूट शोधण्यापासून शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत

साताऱ्यात सायकलिंग म्हटलं की यवतेश्वरचा घाट आणि कास, नाहीतर हायवेचा सर्व्हिस रोड, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं. पण डांबर सोडून बघायला लागलात तर आपल्या जिल्ह्यात रस्तेच रस्ते आहेत, कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता, दोन गावांच्या मधला शिवरस्ता, रानात जाणारी पाणंद, चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेले रुंद कच्चे रस्ते. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे हेच, त्यासाठी कुठं लांब जायला नको. गाड्यांचा त्रास जवळपास शून्य, आणि ५० किलोमीटरमध्ये जेवढं रान, ओढे, माणसं दिसतात तेवढं हायवेवर १५० मारले तरी दिसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

ज्यांना आठ-दहा मित्रांना घेऊन अशी राईड पहिल्यांदाच काढायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. सेल्फ सपोर्टेड, म्हणजे मागून टेम्पो नाही, पाण्याचे स्टॉल नाहीत, पंक्चर काढून द्यायला कुणी नाही. आपलं सामान आपल्या सायकलवर. वाटेत टपरीवर चहा घेतला, किराणा दुकानातून बिस्किटं घेतली, पंक्चरवाल्याकडून ट्यूब जोडून घेतली तर चालतं कारण ते सगळ्यांनाच मिळतं, पण घरून कुणाला तरी फोन करून फक्त तुमच्यासाठी गाडीतून चाक मागवलं तर ते चालत नाही. टूर डिव्हाइड म्हणून कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेत न्यू मेक्सिकोपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटरची राईड असते, तिथंही मूळ नियम हाच. आपल्याकडं ज्यांनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची राईड, केलीय, २०० किलोमीटर साडेतेरा तासात, त्यांना ही पद्धत माहीत असते. अपघात किंवा तब्येत बिघडणं ही गोष्ट वेगळी, तिथं नियम बाजूला, मिळेल ती गाडी आणि मिळेल ती मदत घ्यायची, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका.

मग आयोजकाचं काम काय, तर खरी माहिती देणं. पाणी कुठं आहे, कुठं नाही, रस्ता कुठं खराब आहे, थकलेला माणूस कुठून डांबरी रस्त्याला बाहेर पडू शकतो, एवढं तुम्हाला पक्कं माहीत पाहिजे आणि ते प्रत्येकाला आधी सांगितलं पाहिजे. टीशर्ट, मेडल, बॅनर यातलं काहीही नसलं तरी राईड चांगली होते, माहिती चुकीची असली तर मात्र लोक उन्हात माळावर अडकतात.

रूट शोधा

आधी मोबाईल नाही तर लॅपटॉप उघडा. गुगल अर्थच्या सॅटेलाईट चित्रात कॅनॉलची बारीक रेघ आणि तिला चिकटून मातीच्या रंगाचा रस्ता सरळ दिसतो. धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांचे कॅनॉल बघा, खाली कराडला खोडशीवरून निघणारा कृष्णा कॅनॉल आहे, तो तर ब्रिटिशांच्या काळातला. या रस्त्यांचा मोठा फायदा म्हणजे चढ जवळपास नसतो, पाणी वाहायचं म्हणून कॅनॉल सपाटीवरूनच वळणं घेत जातो, त्यामुळं नवख्या माणसाला पहिली राईड कॅनॉलवरच द्यावी. मग कोमूट नाहीतर राईड विथ जीपीएस या ॲपवर रूट आखून जीपीएक्स फाईल करा, म्हणजे मोबाईलच्या नकाशात रूट दाखवणारी फाईल.

पहिल्या वेळेला ४०-५० किलोमीटरच्या वर जाऊ नका. सुरुवात संगम माहुलीवरून ठेवली तर सोयीचं पडतं, शहरातल्यांना जवळ, सातारा रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला, आणि तिथून कोरेगाव तालुक्यात शिरलं की शिवरस्ते आणि कॅनॉल दोन्ही सापडतात. शिवाय त्या बाजूला दर काही किलोमीटरवर गाव आहे, ते महत्त्वाचं. पठारावरची राईड दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला करा, कारण तिथं वारा जबरदस्त, सावली नाही, आणि पाणी संपलं तर पुढं गावच नसतं.

काही ठिकाणं सोडूनच द्या. कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय घुसायचं नाही, नकाशात वाट दिसते म्हणून ती आपल्यासाठी उघडी आहे असं समजू नका. कासला फुलांच्या दिवसात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, सायकलींचा ग्रुप नेऊन गर्दीत भर घालू नये असं मला मनापासून वाटतं. आणि कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाट सोडून सायकल घालू नका, तिथं कातळावर बोटभर मातीचा थर असतो आणि तेवढ्यावरच ती सगळी फुलं जगतात, एकदा टायरची चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहतं आणि माती जाते. पवनचक्क्यांच्या काही रस्त्यांवर गेट असतं, तिथल्या वॉचमनला आधी जाऊन विचारा, सांगून गेलं तर माणसं बहुतेक वेळा अडवत नाहीत.

रेकी केल्याशिवाय तारीख जाहीर करू नका

रेकी म्हणजे आधी स्वतः सगळा रूट फिरून बघणं, यात शॉर्टकट नाही. राईडच्या आधी दोन आठवड्यांच्या आत, आणि सायकलवरच. बाईकवरून रेकी करून फसायला होतं, बाईकला जी खडी जाणवत नाही ती सायकलच्या हाताला आणि मनगटाला कळते.

रेकी करताना वहीत नाहीतर मोबाईलमध्ये किलोमीटर टाकून लिहीत जा. किलोमीटर ११, हातपंप, पाणी येतं. किलोमीटर १४, फरशी पूल, पाणी घोट्याएवढं, खाली शेवाळ. किलोमीटर १९, देवळाजवळ नळ, दुकान सकाळी ८ नंतर उघडतं. किलोमीटर २३, डावीकडं वळलं की २ किलोमीटरवर डांबरी आणि एसटी. असं. आणि गावातल्या माणसांशी बोला. "मामा, ही वाट पुढं निघते का?" एवढं विचारलं की सगळं कळतं, कुणी बांध घालून रस्ता बंद केलाय का, कुठं कुत्री आहेत, पाटाला पाणी कधी सुटणार आहे. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. आवर्तन, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडायची पाळी, चालू असलं की कॅनॉलच्या कडेला पाझर लागतो आणि जो रस्ता गेल्या आठवड्यात टणक होता तिथं चिखल होतो.

आता चिखलाचं सांगतो, कारण हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. मुरमाचा रस्ता पावसानंतर एक-दोन दिवसात सुकतो आणि उलट दबून मस्त होतो. काळ्या मातीचं तसं नाही. कोरेगाव, रहिमतपूर बाजूला पाणंदीतून जाताना काळी माती ओली असली की पहिल्या ५० मीटरमध्येच टायरला थर बसतो, त्यात काडी-पाचट अडकतं, मग फोर्कच्या आत आणि मागच्या ब्रेकपाशी गोळा होऊन चाक फिरायचंच बंद होतं, सायकल ढकलता पण येत नाही, उचलून न्यावी लागते आणि तोवर ती दुप्पट जड झालेली असते. अशा वेळी जोर लावून पॅडल मारू नका, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकात ओढला जाऊन हँगर (डिरेलर जिथं फ्रेमला लागतो तो छोटा तुकडा) मोडतो आणि राईड तिथंच संपते. उतरा, काडीने माती काढा, कडेच्या गवतावरून सायकल न्या. म्हणून रेकीमध्ये काळ्या मातीचा प्रत्येक तुकडा मार्क करा आणि तिथं डांबरीवरून पर्यायी रस्ता आधीच ठरवून ठेवा. आदल्या दोन दिवसात पाऊस झाला तर पर्यायी रूट, यावर चर्चा नको.

तारीख आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्चनंतर पूर्व भागात, माण-खटावकडं तर नकोच, ११ वाजता माळावर थांबायला झाड मिळत नाही. पण हिवाळ्यात गळीत हंगाम चालू असतो, ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस घेऊन त्याच अरुंद रस्त्याने येतात. ट्रॅक्टर दिसला की सायकल रस्त्याच्या खाली घ्या आणि दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत थांबा, मागची ट्रॉली वळणावर आत कापते आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता, वर गाण्याचा आवाज एवढा असतो की घंटी ऐकू जाणं शक्यच नाही.

निघायचं उजाडल्यावर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य ७ च्या आसपास उगवतो, म्हणजे पावणेसातला जमून सातला सुटायचं. अंधारात उसाच्या रानातून जाऊ नका, कराड-पाटणकडं बिबट्या ही रोजची गोष्ट झालीय आणि इकडंही त्याच्या बातम्या असतात. स्पीडचा हिशोब करताना डांबरीवरचा आकडा विसरा. नवीन माणसं, फोटो, पंक्चर, चहा सगळं धरून तासाला १० ते १२ किलोमीटर धरा, म्हणजे ५० ला साडेचार-पाच तास. बाराच्या आत सगळे परत आले पाहिजेत असा रूट असावा.

किती जण आणि काय सांगायचं

आठ ते बारा. त्याच्यावर गेलं की पाणंदीत लांबच लांब रांग होते, शेतकऱ्यांना त्रास, आणि मागं कोण राहिलं ते कळत नाही. जास्त लोक असतील तर दोन ग्रुप करा, अर्ध्या तासाच्या फरकाने सोडा. पंचवीस-तीस व्हायला लागले तर पोलीस स्टेशनला आधी कळवून ठेवलेलं बरं. पैसे घेऊ नका. पैसे घेतले की लोकांची अपेक्षा बदलते आणि तुमची जबाबदारी पण.

व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकताना गोड लिहू नका. "सोपी राईड, कुणीही या" असं लिहिलं की कुणीही येतं, बिना ब्रेकची सायकल घेऊन पण येतं. सरळ लिहा: अंतर, त्यातलं कच्चं किती, एकूण चढ किती, पाण्याशिवायचा सगळ्यात लांब टप्पा किती, पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे, हेल्मेट नसेल तर राईड नाही. १८ च्या खालचा कुणी असेल तर आई-वडिलांपैकी एकजण सोबत सायकलवर. आणि मुली-बायका येणार असतील तर, खरंतर त्या याव्यात म्हणूनच, टॉयलेट कुठल्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात आहे, आणि ते स्वच्छ आहे का, हे रेकीत बघून मेसेजमध्येच लिहा. विचारायला लाजतात म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग दहा वाजता चक्कर येते.

प्रत्येकाकडून घरच्या एका माणसाचा नंबर, ब्लड ग्रुप आणि काही औषध चालू असेल तर ते, एवढं घ्या.

सायकल

लाखभराची ग्रॅव्हल बाईक लागत नाही. हायब्रिड असेल आणि त्यात ३८-४० मिमीचा टायर बसत असेल तर झालं, एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर अजून चांगलं. २५-२८ च्या रोड टायरवर मात्र येऊ देऊ नका. हवा कमी ठेवायची हे नवीन माणसाला पटत नाही, पण खडीवर टणक टायर नुसता उडतो, पकड राहत नाही. ७० किलोच्या माणसाला ४० मिमीच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ४०-४५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर ३२-३६, इथून सुरू करा आणि पुढं स्वतःच्या अंदाजाने. ट्यूब असताना फारच कमी केली तर दगडावर रिम आदळून ट्यूबला दोन भोकं पडतात.

आपल्याकडं पंक्चर दगडाने कमी, काट्याने जास्त. बाभळीचा काटा लांब आणि सरळ आत जातो, आणि माळावर सराटे असतात ते एकदम पाच-सहा घुसतात. म्हणून ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) हवंच, उन्हाने ते सुकतं त्यामुळं दोन-तीन महिन्यांनी बघत जा. ट्यूबवाल्यांनी नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, हळू, नाहीतर बोटात जातो. तो तुटलेला काटा आतच राहिला तर दुसरी ट्यूब पण पाच मिनिटात पंक्चर होते.

प्रत्येकाकडं काय पाहिजे: दोन ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल ज्यात चेन तोडायचं टूल आहे, आपल्या चेनच्या स्पीडचा क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी (९ स्पीडचा ११ ला बसत नाही), आपल्या सायकलचा हँगर, जुन्या टायरचा कापलेला एक तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला), झिप टाय, थोडी टेप. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसेल या भरवशावर राहू नका. अजून एक वस्तू, जी कुणी सांगत नाही: बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा ॲडॅप्टर, अगदी स्वस्तात येतो. तो असला की गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. पण त्याला आधीच सांगा, "दादा, थोडी थोडी मारा", ट्रॅक्टरच्या टायरची सवय असते, सायकलची ट्यूब दोन सेकंदात फुटते.

बॅग नसली तरी सीटखाली छोटी पिशवी घट्ट बांधा. पाठीवर सॅक टाळा, तीन तासांनी कंबर बोलायला लागते.

पाणी आणि खाणं

थंडीत तासाला अर्धा लिटर, ऊन चढलं की पाऊण. दोन बाटल्या किमान. कॅनॉलचं पाणी प्यायचं नाही आणि बाटली भरायला, अंघोळीला कॅनॉलमध्ये उतरायचं तर अजिबातच नाही, काँक्रीटच्या उताराला शेवाळ असतं, वरून संथ दिसतं पण ओढ असते, पाय घसरला की धरायला काही नसतं. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट एक लिटर पाण्यात एक, असंच, अर्ध्या बाटलीत ओतू नका.

खाणं आपलंच चांगलं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी, गूळ. भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात. कंदी पेढे मी पण नेतो पण ते शेवटी, उन्हात दुधाचं खाऊन चढ चढवत नाही. मिसळ राईड झाल्यावर. वडापावला वाटेत कुणी नको म्हणत नाही तरी अर्ध्यावर एकच.

राईडच्या दिवशी

सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांच्या सायकलींचे ब्रेक दाबून बघा, चाकं घट्ट आहेत का बघा, मग निघा. जीपीएक्स फाईल आदल्या दिवशीच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये उघडून चालतेय ना ते विचारा, ऑफलाईन नकाशासह, ओएसएमअँड हे ॲप यासाठी चांगलं आहे. लाईव्ह लोकेशन शेअर करायला हरकत नाही पण खिंडीत आणि पठारावर रेंज जाते, त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा जोड्या लावा, दोघांनी एकमेकांना सोडून जायचं नाही. तीन-चार ठिकाणं ठरवा, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बोर्डसमोर फोटो काढून रेंज आली की ग्रुपवर टाकायचा, म्हणजे कोण कुठं आहे कळतं. आयोजकाने पुढं पळू नये, सगळ्यात मागं राहावं.

मेंढरांचा कळप दिसला की थांबा. राखणीची कुत्री सायकलमागं लागतात ती त्यांचं काम म्हणून. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरा, मेंढपाळाला हाक मारा आणि चालत पुढं जा. पळालात की ती पण पळतात. पाणंदीत बैलगाडी समोरून आली तर तुम्ही बाजूला, बैल बिथरला तर गाडी ओढ्यात जाते. बांधाचं काटेरी फाटक उघडलं तर परत लावा. रानातल्या मावशी बोलावून ऊस नाहीतर हरभरा देतात, तो घ्या, दोन शब्द बोला, पण विचारल्याशिवाय रानातलं काही तोडू नका.

लागलं-पडलं तर १०८ ला ॲम्ब्युलन्स, बाकी कशालाही ११२. फोनवर गावाचं नाव आणि जवळचा ओळखीचा खुणेचा पत्ता सांगा, नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही, ॲम्ब्युलन्स पाणंदीत येणार नाही म्हणून डांबरी रस्ता कुठं मिळतो ते पण सांगा, तिथं एकजण उभा करा. ग्रामीण रुग्णालय कुठलं जवळ ते रेकीतच लिहून ठेवा, मोठं काही असेल तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस "मी ठीक आहे" म्हणत असेल तरी त्याला सायकल चालवू देऊ नका, मान दुखतेय म्हणाला तर हलवू पण नका.

परत आल्यावर मोजणी करा, सगळे आले का, आणि लांबून आलेले संध्याकाळपर्यंत घरी पोचल्याचा मेसेज घ्या. दोन दिवसात जीपीएक्स दुरुस्त करा, कुठला हातपंप बंद निघाला, कुठं नवीन बांध घातलाय ते नोंदवून फाईल परत ग्रुपवर टाका म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणालाही तीच राईड काढता येईल, आणि घरच्यांचे जे नंबर गोळा केले होते ते मोबाईलमधून काढून टाका.